हिरव्या रंगाचा अर्थ

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ३० एप्रिल २०२० रोजी कोविडसंबंधी ७३३ जिल्ह्यांची लाल, नारिंगी व हिरवी अशी वर्गवारी केली. हिरव्या ३१९ जिल्ह्यांत वर्धा होता. हिरवा म्हणजे तोवर एकही रुग्ण न आढळलेला, किंवा २१ दिवसांत नवा न सापडलेला जिल्हा. परंतु न आढळणे म्हणजे नसणे नव्हे. चाचण्या थोड्या असतील तेथे तर नव्हेच. वर्गवारी कडक करण्याची मुभा राज्यांना होती, सैल करण्याची नव्हती, हे योग्यच. तथापि अज्ञानासाठी रंगच योजिला नव्हता. याउलट, संगणकांच्या जाळ्यावर देखरेख ठेवणाऱ्या 'नागिओस' या आज्ञावलीत 'अज्ञात' स्थितीस स्वतंत्र नारिंगी रंग आहे. वर्ध्याच्या रकान्यास तोच अधिक शोभला असता. मे महिन्यातच आर्वी तालुक्यात जिल्ह्यातील पहिला रुग्ण नोंदला गेला.