मजकूर कर्जदाराने सांगायचा

कुराणातली सर्वांत लांब आयत उधारीच्या कागदाविषयी आहे. ‘अल-बकरा’ या दुसऱ्या सूरहमधली, म्हणजे अध्यायातली, ही २८२वी आयत; मदिनेत छापल्या जाणाऱ्या प्रचलित प्रतीत ती एकटीच अख्खे पान व्यापते. धर्मग्रंथाने मुदत, लेखनिक आणि साक्षीदार यांच्यासाठी इतकी ऐसपैस जागा द्यावी, याचे मला फार अप्रूप वाटते.

तिच्या आधी काय येते तेही पाहावे. व्यापार वैध आणि रिबा, म्हणजे कर्जावर घेतलेली वाढ, निषिद्ध ठरते. धनकोला त्याचे मुद्दल मिळेल; ऋणको अडचणीत असेल तर हात मोकळा होईपर्यंत त्याला सवड द्यावी, देणे सोडून दिले तर अधिक चांगले. मग एक छोटी आयत ईश्वराकडे परतण्याच्या दिवसाची आठवण देते, आणि लगेच सूचना येते की मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवा. अंतिम हिशेबावरून रोजच्या हिशेबाकडे येताना ग्रंथाचा सूर जराही उतरत नाही.

लेखनिकाने दोघांच्या मध्ये बसून न्यायाने लिहावे, नकार देऊ नये, कारण ही विद्या त्याला ईश्वराने दिली आहे. पण मजकूर कोणी सांगायचा? ज्याच्या डोक्यावर देणे आहे, त्याने. आयतीचा प्राण मला इथे सापडतो. कर्जदार स्वतःच्या तोंडाने रक्कम आणि मुदत सांगतो तेव्हा तो कबुलीजबाब ठरतो. धनकोला याहून भक्कम पुरावा कोणता? आणि आपण काय पत्करतो आहोत हे कर्जदाराला बोलता बोलता पुरते उमगते. त्याने ईश्वराला स्मरावे, काही कमी करून सांगू नये. तो भोळा, दुबळा किंवा सांगायला असमर्थ असेल, तर त्याच्या पालकाने सांगावे. दोन्ही बाजू एकाच कृतीने राखल्या जातात. रक्कम लहान असो वा मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, हे पुढचे सांगणे तर घरातल्या वडीलधाऱ्याचे वाटते.

साक्षीदारांपाशी आजचा वाचक अडखळतो, आणि अडखळायलाच हवे. दोन पुरुष, किंवा एक पुरुष आणि दोन स्त्रिया. एक चुकली तर दुसरीने आठवण करून द्यावी. यावरून बहुतेक विधिज्ञांनी आर्थिक साक्षीत स्त्रीचे वजन निम्मे धरले. चौदाव्या शतकातल्या इब्न अल-कय्यिम यांनी मात्र दाखवून दिले की ही सूचना आपला हक्क जपू पाहणाऱ्याला आहे, न्यायाधीशाचे हात ती बांधत नाही. पुढे इजिप्तचे सुधारक मुहम्मद अब्दुह यांनी तिचे कारण स्त्रिया तेव्हा पैशाच्या व्यवहारांपासून दूर असण्यात शोधले. मला हेच वाचन पटते, कारण आयत स्वतःच हेतू सांगते: विसर पडू नये, शंका उरू नये.

रिबा टाळणाऱ्या बँका मात्र अलीकडच्या काळातल्या. १९६३ साली इजिप्तमधल्या मित घम्र इथे अहमद अल-नज्जार यांनी बिनव्याजी बचत बँक सुरू केली. १९७५ साली दुबई इस्लामिक बँक उभी राहिली. २०१४ मध्ये ब्रिटनच्या सरकारनेही २० कोटी पौंडांचे सुकूक, म्हणजे इस्लामी रोखे, काढले. मुराबहा या इस्लामी बँकांच्या व्यवहारात बँक वस्तू विकत घेते आणि आपला नफा उघड सांगून ती ग्राहकाला उधारीवर विकते. संघटित तवर्रुकमध्ये माल बहुधा कागदोपत्रीच फिरतो आणि ग्राहकाच्या हाती रोकड पडते; इस्लामी सहकार्य संघटनेच्या फिक्ह (इस्लामी विधिशास्त्र) अकादमीने २००९ मध्ये तो अवैध ठरवला. असे वाद बहुतेक रिबाभोवती होतात. मला या आयतीची कसोटी अधिक कठीण वाटते. छापील करारनामा बँकेचा, कलमे तिच्या वकिलांची; ग्राहक दाखवलेल्या जागी सही करतो. व्यवहार शरियाला धरून आहे की नाही हे तपासणाऱ्या विद्वानांचे मानधनही सहसा तीच बँक देते. दोघांच्या मध्ये बसायचा लेखनिक असा एका बाजूला सरकतो.

मलेशियाने २००९च्या कायद्याने मध्यवर्ती बँकेच्या शरिया सल्लागार परिषदेचे निर्णय न्यायालयांवर बंधनकारक केले, हे लेखनिकाला पुन्हा मध्ये बसवण्याच्या दिशेने योग्य पाऊल आहे. पण मजकूर सांगण्याचा अधिकारही कर्जदाराला परत मिळायला हवा. त्याने रक्कम, मुदत आणि हप्ता चुकला तर काय होईल ते आपल्या भाषेत सांगावे, बँकेने ते ध्वनिमुद्रित करून करारनाम्याला जोडावे. आजच्या साधनांनी हे कोणत्याही शाखेत करता येईल.