कुंपण आणि भटारखाना

‘आम्ही रांगेत उभे राहून आलो, त्यांनी रांग मोडली.’ बेकायदा स्थलांतराचा विषय निघाला की अमेरिकेतल्या मराठी घरांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्यात खोटं काही नाही. आधी स्टुडंट व्हिसा, मग एच-वन, मग ग्रीन कार्डासाठी वर्षानुवर्षं ताटकळणं, हा प्रवास आपल्यापैकी अनेकांनी केला आहे. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांपैकी साधारण सात टक्क्यांहून जास्त एका देशाच्या वाट्याला येऊ द्यायची नाहीत, या नियमामुळे भारतीयांची रांग तर दशकांत मोजावी लागते. अशा माणसाला कुंपण ओलांडून आलेल्याचा राग आला तर त्यात नवल नाही.

पण राग येणं वेगळं आणि विषय समजणं वेगळं. वर्तमानपत्रं आकडे देतात, पुढारी घोषणा देतात. बेकायदा आलेला माणूस रात्री झोपतो कुठे, त्याला पगार कोण देतं, तो पकडला जातो तो कोणामुळे, हे कळायला कादंबरी किंवा चित्रपटच लागतो. म्हणून या लेखात अशा तीन कलाकृती शेजारी शेजारी ठेवून पाहायच्या आहेत. ग्रेगरी नाव्हा यांचा ‘एल नॉर्ते’ हा १९८३ सालचा चित्रपट, किरण देसाई यांची २००६ साली आलेली ‘द इन्हेरिटन्स ऑफ लॉस’ ही कादंबरी आणि राजकुमार हिरानी यांचा २०२३ सालचा ‘डंकी’. एकीतली माणसं ग्वाटेमालाहून लॉस एंजेलिसला येतात, दुसरीतला मुलगा कालिंपोंगहून न्यूयॉर्कला, तिसरीतली मंडळी पंजाबातून लंडनला. तिघींना विचारायचा प्रश्न एकच: सीमा नेमकी असते कुठे?

‘एल नॉर्ते’ म्हणजे ‘उत्तर’, अर्थात उत्तरेकडचा देश. वडिलांची हत्या होते, आईला सैनिक घेऊन जातात आणि एन्रिके व रोसा हे बहीण-भाऊ गाव सोडतात. मेक्सिकोतून अमेरिकेत शिरताना एका जुन्या सांडपाण्याच्या पाइपातून ते रांगत येतात आणि अंधारात त्यांच्यावर उंदीर तुटून पडतात. हा प्रसंग एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. पण चित्रपटाचं खरं मोल त्यानंतरच्या भागात आहे. एन्रिके एका उंची रेस्टॉरंटात कामाला लागतो, मन लावून काम करतो आणि त्याला बढती मिळते. त्याची खबर इमिग्रेशनवाल्यांना देतो तो त्याच्याचसारखं स्पॅनिश बोलणारा, पण अमेरिकेत हक्काने राहणारा सहकारी. बढती आपल्याला मिळाली नाही, एवढंच त्याचं दुःख. सीमेवरच्या पोलिसांना जे साधलं नाही ते मत्सराच्या एका फोनने साधतं.

चित्रपटाला उणी बाजू आहे. बोगद्यातल्या उंदरांच्या चाव्यांमुळे रोसाला झालेला टायफस आणि तिचा अंत हा भाग डोळ्यांत पाणी आणण्यासाठी जरा ताणलेला वाटतो. तरीही त्याच्या मुळाशी असलेली भीती खरी आहे. इस्पितळात गेलो तर परत पाठवतील, म्हणून आजार अंगावर काढायचा. कागद नसलेल्या माणसाला आजारी पडणंही परवडत नाही, ही गोष्ट नाव्हा यांनी चाळीस वर्षांपूर्वी दाखवली.

किरण देसाई यांची कादंबरी याहून कितीतरी कडू आणि कितीतरी विनोदी आहे. कालिंपोंगच्या एका पडक्या बंगल्यात निवृत्त न्यायाधीश जेमुभाई पटेल, त्यांची नात सई आणि त्यांचा स्वयंपाकी राहतात. त्या स्वयंपाक्याचा मुलगा बिजू टूरिस्ट व्हिसावर न्यूयॉर्कला येतो आणि राहून जातो. मग एका भटारखान्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. वर रेस्टॉरंटात युरोपचा थाट आणि खाली तळघरात तिसऱ्या जगातली सगळी राष्ट्रं भांडी घासताहेत, हे चित्र देसाई यांनी दोन-चार फटकाऱ्यांत असं उभं केलं आहे की पुढच्या वेळी बाहेर जेवायला गेल्यावर स्वयंपाकघराच्या दाराकडे नजर जातेच. झांझिबारचा सईद सईद हा बिजूचा मित्र. त्याची आई गावातल्या प्रत्येक तरुणाला त्याचा पत्ता देऊन धाडते आणि हा बिचारा त्या पाहुण्यांपासून लपत फिरतो. ‘तिकडे आमचा अमुक आहे, त्याला भेट’ हे आपल्या ओळखीचं वाक्य. ते ऐकणाऱ्याची काय गत होते, ती इथे वाचावी.

बिजू शेवटी पोचतो गांधी कॅफेत. गोमांस मिळतं अशा ठिकाणी नोकरी नको, आपल्या माणसाकडे राहावं, म्हणून तो तिथे येतो. मालकाचं नाव हरीश-हॅरी. कामगारांनी रात्री तिथेच झोपायचं, भाडं नाही, आणि ती सोय पुढे करून पगार किमान वेतनाच्याही पुष्कळ खाली. एके दिवशी सडलेल्या पालकावरून घसरून बिजूचा गुडघा दुखावतो. डॉक्टर बोलवा म्हटल्यावर मालक आपणच घेतलेल्या जोखमीचा पाढा वाचतो, आणि ग्रीन कार्डासाठी स्पॉन्सर करा म्हटल्यावर तर त्याचा ताबाच सुटतो. हा माणूस खलनायक नाही. तो देवधर्म करतो, प्रेमाने बोलतो, आणि कदाचित एखाद्या मंडळाच्या अंकाला जाहिरातही देत असेल. देसाई यांची लेखणी इथे फार नेमकी लागते. बिजूला राबवणारी व्यवस्था परकी नाही, ती त्याच्या भाषेत बोलते.

या कादंबरीचा आणखी एक गुण परीक्षणांत पुरेसा लक्षात घेतला गेला नाही, असं मला वाटतं. न्यूयॉर्कच्या कथेला समांतर अशी १९८६ सालच्या गोरखालँड आंदोलनाची कथा तिच्यात चालते. पिढ्यान्‌पिढ्या दार्जिलिंगच्या डोंगरांत राहिलेले नेपाळी भाषक आपल्याच देशात उपरे ठरवले जातात आणि चिडून उठतात. बिजूसाठी हळहळणारा वाचक या आंदोलकांबद्दल मात्र साशंक राहतो, कारण इथे घरमालकाच्या बाजूला तो स्वतः असतो. मुंबईत ‘परप्रांतीयांचे लोंढे’ हा शब्दप्रयोग आपण ऐकला आहे, काहींनी केलाही आहे. तोच शब्द इथे आपल्यासाठी वापरला गेला की टोचतो. ही दोन टोकं एका पुस्तकात बांधणं सोपं नाही. अर्थात त्या नेपाळी माणसांना लेखिकेने न्याय दिला का, हा प्रश्न उरतोच. कालिंपोंगमधल्या काहींनी आपल्या चित्रणाबद्दल तेव्हा उघड नाराजी दाखवली होती, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. बिजू जितका आतून दिसतो, तितके ते दिसत नाहीत.

आता ‘डंकी’. आपल्या घरांत सर्वांत जास्त पाहिला गेला असेल तो हाच. पूर्वार्धातला इंग्रजीचा वर्ग, बोमन इराणींचे मास्तर, परीक्षेसाठी पाठ केलेली वाक्यं, हे सगळं हसवतं. आणि हसता हसताच विकी कौशलचा सुखी व्हिसा न मिळाल्याने स्वतःला जाळून घेतो तेव्हा थिएटर गप्प होतं. तिथपर्यंत हिरानी यांनी विषय घट्ट धरला आहे. पुढे पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तान असा जीवघेणा प्रवास करून मंडळी लंडनला पोचतात आणि चित्रपटाची पकड सुटते. आश्रय मिळवायचा तर मायदेशी जिवाला धोका आहे असं कोर्टात सांगा, असा सल्ला त्यांना मिळतो. शाहरुख खानचा हार्डी देशाची बदनामी करायला नकार देतो आणि परत पाठवला जातो; बाकीचे ते सांगतात आणि राहतात. इथे शिट्ट्या पडतात. पण खोटा आश्रय मागणाऱ्यांच्या गर्दीत खऱ्या निर्वासिताचं काय होतं, हे विचारायचं चित्रपटाला सुचत नाही. पोटापाण्याचा प्रश्न अभिमानाचा होतो आणि अभिमानाला टाळ्या मिळतात. एवढ्या मोठ्या लंडनमध्ये यांना कोणी किती पगारावर राबवलं, हरीश-हॅरी इथला कोण, याचा ठाव लागत नाही.

तिन्ही कलाकृतींवर एक आक्षेप सारखाच घ्यावा लागेल. सीमेवर पहारा करणाऱ्याला, किंवा पहारा असावा असं प्रामाणिकपणे मानणाऱ्याला, एकीतही धड तोंड नाही. देशाला आपल्या दारातून कोण आलं हे माहीत असण्याचा अधिकार आहे, आणि माणसांची तस्करी करणाऱ्या टोळ्या हे काही कवीकल्पनेतलं भूत नव्हे. सुरक्षेची बाजू इतकी सहज वगळली की जो मुळात पटलेला आहे त्यालाच पुस्तक पटतं.

मात्र सुरक्षेची भाषा किती ताणावी यालाही मर्यादा आहे. ११ सप्टेंबर २००१ चे एकोणीसही हल्लेखोर व्हिसा घेऊन विमानाने आले होते. त्यानंतर इमिग्रेशनचं जुनं खातं मोडून २००३ साली ते काम नव्या होमलँड सिक्युरिटी खात्याकडे गेलं. १९४० पर्यंत हेच काम मजूर खात्याकडे होतं, नंतर न्याय खात्याकडे. मजूर, न्याय, सुरक्षा असा हा प्रवास आहे. आपला साधा एच-वनचा अर्जही आज सुरक्षेच्या खात्यात जातो. या तीन कलाकृतींपैकी निदान पहिल्या दोन हा विषय पुन्हा मूळच्या खात्यात, म्हणजे मजुरीच्या प्रश्नात, नेऊन ठेवतात. माझ्या मते हेच त्यांचं मोठं काम.

ऑक्टोबर २००६ मध्ये देसाई यांना बुकर पारितोषिक मिळालं आणि त्याच महिन्यात अध्यक्ष बुश यांनी मेक्सिकोच्या सीमेवर सुमारे सातशे मैलांचं कुंपण घालण्याच्या कायद्यावर सही केली. बिजूला ते कुंपण अडवू शकलं नसतं. तो विमानाने, व्हिसावर आला होता, आणि बेकायदा राहणाऱ्यांतला मोठा हिस्सा असाच येतो. उलट १९८६ साली रेगन यांच्या कायद्याने सुमारे सत्तावीस लाख लोकांना कायदेशीर केलं तेव्हाच, जाणूनबुजून बेकायदा माणसाला कामावर ठेवणं हाही गुन्हा ठरवला. पण कागद वरकरणी खरे दिसले की मालकाची सुटका. कुंपण उंच होत गेलं. भटारखान्याचं मागचं दार उघडंच राहिलं.

ही फक्त कादंबरीतली गोष्ट नाही. जानेवारी २०२२ मध्ये गुजरातच्या डिंगुचा गावातलं चौघांचं कुटुंब, त्यात दोन मुलं, कॅनडातून मिनेसोटात शिरण्याच्या प्रयत्नात सीमेजवळ गोठून गेलं. २०२४ साली त्या प्रकरणात दोन तस्कर दोषी ठरले. त्यांतला एक भारतीयच होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला घेऊन गेलं. त्यांत तिघे महाराष्ट्रातले होते. ‘ते’ आणि ‘आपण’ ही विभागणी तेव्हा कुठल्या रेषेवर करायची?

रांगेबद्दलही एक आठवण ठेवायला हवी. १९१७ च्या कायद्याने भारतीयांना इथे येण्याची रांगच बंद केली होती. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात राहिलेल्या भगतसिंग थिंड यांना १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारलं. १९४६ पासून वर्षाला शंभर भारतीयांना वाट मिळाली आणि १९६५ च्या कायद्याने आपल्यासारख्या शिकलेल्यांसाठी दार उघडलं. आपण नियम पाळले हे खरं; पाळता येतील असे नियम आपल्या वाट्याला आले, हेही तितकंच खरं.

यामुळे कुंपण नको असं सिद्ध होत नाही, आणि ही पुस्तकंही तसं सिद्ध करत नाहीत. ‘डंकी’ एका संध्याकाळी पाहून सोडून द्यावा. ‘एल नॉर्ते’ मात्र कॉलेजात जाणाऱ्या मुलांबरोबर बसून पाहावा, आणि देसाई यांची कादंबरी सावकाश वाचावी, गांधी कॅफेची प्रकरणं तर दोनदा. वाचून झाल्यावर पुढच्या गप्पांत सीमेवर कोण उभं आहे याबरोबरच आणखी एक गोष्ट विचारता येईल: आपण जिथे जेवतो, आपलं अंगण जो झाडतो, आपलं घर जो रंगवतो, तिथल्या मजुराला पुरता पगार मिळतो का? उत्तर शोधायला टेक्ससच्या वाळवंटापर्यंत जावं लागणार नाही.