घाईत असलेल्या रसाचा नकाशा

साखर कारखान्याचा मांडणी-आराखडा पहिल्यांदा उलगडला की डोळ्यांत भरतात त्या चौकटी, वर्तुळं आणि बाण. वजनकाटा, गव्हाण, मिल हाऊस, बॉयलर, बॉयलिंग हाऊस, गोदाम. इंजिनिअर तो तपासतात, ठेकेदार त्याच्यावर पायाच्या खुणा मारतात आणि काम झालं की त्याची गुंडाळी कपाटात जाते. मला मात्र हा कागद ओळ न् ओळ लावून वाचण्याच्या लायकीचा वाटतो. त्यातली प्रत्येक चौकट एका घाईला दिलेलं उत्तर आहे. कोयत्याचा घाव बसला की त्या क्षणापासून उसातली साखर उतरणीला लागते. ऊस सुकतो, वजन घटतं आणि साखरेचं रूपांतर दाणा न धरणाऱ्या शर्करांमध्ये होऊ लागतं. म्हणून तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळावा असा दंडक आहे. एवढं एक ध्यानात ठेवलं की बाकीचा कागद आपोआप बोलू लागतो.

वाचन सुरू करायचं ते कागदाच्या कडेबाहेरून, म्हणजे कारखान्याच्या जागेपासून. शंभर टन उसातून साखर निघते दहा-अकरा टन. अठ्ठावीस ते तीस टन बगॅस म्हणजे चोथा, चारेक टन मळी, तीन-चार टन प्रेसमड म्हणजे रस गाळून उरलेला गाळ, आणि उरलेलं बहुतेक पाणी. म्हणजे गाडीत भरलेल्या दहा मोळ्यांमधली जेमतेम एक साखरेची. आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १९०९ साली उद्योगांच्या स्थानाचा सिद्धांत मांडला. ज्या मालाचं वजन प्रक्रियेत घटतं त्याचा कारखाना मालाकडे ओढला जातो, हा त्याचा गाभा. कापसाचं सूत होताना वजन फारसं घटत नाही, म्हणून गिरण्या मुंबईच्या बंदराजवळ उभ्या राहू शकल्या. साखरेला ती सोय नाही. तिला शिवारातच यावं लागतं. त्यात वजनाच्या हिशेबाला वेळेचा हिशेब जोडला, की उसापासून लांब उभारलेला कारखाना दोन्हीकडून तोट्यात जातो.

महाराष्ट्रात शिवार म्हणजे कालवा. नीरेच्या कालव्यांवर माळीनगर आणि वालचंदनगर १९३०च्या दशकात उभे राहिले. प्रवरेच्या खोऱ्यात भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, ओझरच्या बंधाऱ्यापासून डावा-उजवा कालवा निघाला आणि कोरडवाहू जमिनींना पाट मिळाला. बेलापूर कंपनीचा खासगी कारखाना त्याच खोऱ्यात हरेगावला होता. १९५०-५१च्या हंगामात लोणीजवळ प्रवरानगरला सहकारी कारखाना गाळपाला लागला. विठ्ठलराव विखे पाटलांची जिद्द, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांचं मार्गदर्शन आणि सहकार चळवळीतल्या वैकुंठभाई मेहतांचा आधार ही कथा सर्वांना ठाऊक आहे. जागेच्या अंगाने वाचताना मला तिच्यात दिसते ती वेगळीच गोष्ट. कालवा तोच, उसाचं गणितही तेच, पण मध्यबिंदू कोणी ठरवायचा हे बदललं. भागधारक शेतकऱ्यांच्या जमिनी कुठे पसरल्या आहेत त्यावरून कारखान्याची जागा ठरू लागली. वेबरच्या गणितात वजन आहे, अंतर आहे, मालकी नाही. प्रवरानगरने ती त्या गणितात आणली. पुढे राज्यभर कारखाने दाटले, तेव्हा दोन कारखान्यांमध्ये हवाई अंतर किती हवं याचा नियम करावा लागला. केंद्राचा पंधरा किलोमीटरचा होता, महाराष्ट्राने तो पंचवीसवर नेला. एकाच शिवारावर दोन गव्हाणींनी तोंड लावू नये, एवढाच त्याचा अर्थ.

शिवाराच्या मधोमध असूनही कारखान्याची नेमकी जमीन उसाची नसावी, ही मला फार आवडणारी बारीक गोष्ट आहे. काळी कसदार माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. मिलच्या अवजड रोलरांना आणि चिमणीला असला पाया चालत नाही. त्यांना लागतो मुरमाड, जरा उंचावरचा माळ, जिथे पाणी तुंबणार नाही. म्हणजे जी जमीन शेतकऱ्याच्या फारशा कामाची नाही तीच कारखान्याला उत्तम.

आता फाटकातून आत. आत येण्याचं आणि बाहेर जाण्याचं दार सहसा वेगळं असतं, कारण दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागे घेता येत नाही आणि ओझ्याची बैलगाडी तर नाहीच. म्हणून वाट वर्तुळात फिरते: भरला काटा, गाडीतळ, गव्हाण, रिकामा काटा, बाहेर. गाडीतळाचा आकार बघून नवख्याला वाटतं, एवढी मोकळी जागा वाया का घालवली? ती रात्रीची तरतूद आहे. मिल चोवीस तास चालते, तोडणी उजेडात होते. दिवसाला ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्याला तासाला दोनशेहून अधिक टन ऊस लागतो, म्हणजे रात्रीच्या बारा तासांचा सुमारे अडीच हजार टन ऊस अंधार पडण्याआधी तळावर उभा असला पाहिजे. तळ त्याहून लहान असेल तर पहाटे मिल उपाशी राहते. फार मोठा असेल तर ऊस उभ्या-उभ्या वाळतो आणि साखरेचा उतारा पडतो. त्या रिकाम्या चौकोनाचं माप हा कागदावरचा सगळ्यात नाजूक निर्णय आहे, आणि तिथे यंत्र एकही नाही.

गव्हाणीपासून मिल हाऊस एका सरळ रेषेत. चार-पाच मिल ओळीने उभ्या, ऊस पुढे सरकतो आणि पाणी उलट दिशेने येतं. शेवटच्या मिलपाशी चोथ्यावर साधं पाणी सोडतात, तिथला पातळ रस आधीच्या मिलवर, तिथला त्याच्या आधीच्या. सर्वांत कोरड्या चोथ्याला सर्वांत स्वच्छ पाणी मिळतं. मिलची ही ओळ संपते तिथे जाणत्या आराखडाकाराने थोडी जागा मोकळी ठेवलेली असते: उद्या गाळप वाढलं तर आणखी एक मिल तिथे बसेल. बगॅस तिथूनच पट्ट्यावरून थेट बॉयलरकडे जातो. कारखाना स्वतःच्या चोथ्यावर स्वतःला चालवतो. म्हणून बॉयलर मिलच्या कुशीत आणि बॉयलिंग हाऊसच्या शेजारी. तीच वाफ आधी टर्बाइन फिरवते, मग रस आटवते. आटवतानाही पहिल्या भांड्यातून निघालेली वाफ दुसऱ्याला तापवते, दुसऱ्यातली तिसऱ्याला. ही युक्ती न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेल्या नॉर्बर्ट रिल्यू या कृष्णवर्णीय वंशाच्या अभियंत्याची. त्याचं पहिलं पेटंट १८४३चं. वाफेची नळी जितकी लांब तितकी उष्णता वाटेत सांडते, म्हणून या इमारती अशा खेटून उभ्या असतात.

इथपर्यंत कागद आडवा वाचत आलो. खरी कविता मात्र उभ्या छेदात आहे. रस आणि पाक पातळ असतात, त्यांना पंप वर चढवतो. पाक पॅनमध्ये दाणा धरू लागला की तो घट्ट होतो. पंपात त्याचे दाणे मोडतील, म्हणून तिथून पुढचा बहुतेक प्रवास उताराचा. पॅन सर्वांत वरच्या मजल्यावर, त्याखाली क्रिस्टलायझर, त्याखाली सेंट्रिफ्यूगल, त्याखाली हॉपर, आणि तळाला पोत्यांची शिलाई. साखर अक्षरशः वरून खाली घडत येते.

पण तो वरचा मजला एवढ्या उंचीवर का? पाक शंभर अंशांवर उकळला तर करपून काळा पडेल. म्हणून पॅनमधली हवा ओढून घेतात. विरळ हवेत पाक साठ-पासष्ट अंशांवरच उकळतो. ही पोकळी टिकवतो पॅनच्या डोक्यावरचा कंडेन्सर. त्यात थंड पाणी पडतं, वाफेचं पाणी होतं आणि दोन्ही मिळून एका उभ्या नळीतून खाली जातात. बाहेरची हवा त्याच नळीतून पाणी उलटं वर ढकलू पाहते. समुद्रसपाटीला हवा सुमारे १०.३ मीटर उंचीचं पाणी तोलून धरते, तेव्हा नळी त्याहून उंच हवी, नाहीतर पाणी पॅनमध्ये शिरेल. दख्खनच्या पठारावर पाचशे मीटर उंचीच्या गावात हा स्तंभ अर्ध्या मीटरहून थोडा अधिक कमी भरतो, तरी आराखडाकार साधारण अकरा मीटरच धरतो. म्हणजे लांबून दिसणारी बॉयलिंग हाऊसची ती उंच पत्र्याची इमारत कोणा वास्तुकाराच्या आवडीने उंच झालेली नाही. तिची उंची वातावरणाने ठरवली आहे. ज्या ज्या गावी साखर होते, तिथे आभाळाचं वजन असं पत्र्याखाली मोजून ठेवलेलं असतं. हे कळल्यापासून मी त्या इमारतींकडे मान वर करून बघतो.

मागची बाजू पटकन वाचून टाकतो. स्प्रे पाँड, मळीच्या टाक्या, प्रेसमडचा ढीग, डिस्टिलरी असेल तर तिच्या सांडपाण्याची व्यवस्था. इथे वारा महत्त्वाचा. बगॅसचा भुसा उडतो आणि पेटतोही, त्यामुळे त्याचा ढीग वसाहतीपासून आणि स्पिरिटच्या साठ्यापासून वाऱ्याच्या वरच्या बाजूला नको. मात्र वारा पाहायचा तो हंगामातला. पावसाळ्यात पश्चिमेकडून येणारा वारा पुस्तकात मोठा दिसतो, पण तेव्हा चिमणी थंड असते. हिवाळ्यात पठारावर वारा बहुधा पूर्व-ईशान्येकडून येतो, आणि तोच खरा. वर्षाची सरासरी काढून वसाहत बसवली की धुराळा नेमका घरांवर जातो.

आणि आता या कागदावरची न काढलेली चौकट. ऊस शिवारातून तळापर्यंत आणणारी माणसं बीड, आष्टी, पाटोदा, पाथर्डीकडून टोळ्यांनी येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, वर मुकादम, सोबत लेकरं. चार-पाच महिने ती कारखान्याभोवतीच्या अड्ड्यांवर कोप्या घालून राहतात. चोवीस तासांचा तो दंडक पाळला जातो तो त्यांच्या पहाटेच्या उठण्यावर. आराखड्यात काट्याला जागा आहे, गाडीतळाला आहे, उद्या कधी लागेल त्या जादा मिललाही राखून ठेवलेली आहे. अड्ड्याला बहुतेक नकाशांवर रेघही नाही. तो फाटकाबाहेर, सांडपाण्याच्या चरालगत किंवा रस्त्याच्या कडेला, जिथे काहीच काढलेलं नाही तिथे आपोआप होतो. पाणी लांब, शौचालय नाही, आणि रात्रभर लेकरांच्या उशाशी ट्रॅक्टर.

एरवी इतका विचारी असलेला हा कागद इथेच गप्प होतो, आणि त्याच्याच नियमांनी ही चूक ठरते. अड्डा तळाजवळ हवा, कारण गाडी पहाटे निघते. हंगामी वाऱ्याच्या वरच्या बाजूला हवा, कारण तेव्हाच तो भरलेला असतो. गाड्यांच्या वर्तुळाबाहेर हवा, कारण ट्रॅक्टर मागे घेता येत नाही. मुरमाड उंचवट्यावर हवा, पाण्याच्या मुख्य नळीच्या टप्प्यात हवा, पाळणाघर आणि लेकरांच्या साखरशाळेला लागून हवा. जमीन खरेदी करतानाच हे एकरांत मोजता येतं, त्यासाठी नवं शास्त्र लागत नाही. कंडेन्सरच्या नळीचे अकरा मीटर जो माणूस हिशेबात धरतो, त्याला ही चौकट काढायला त्याच टेबलावर, त्याच पट्टीने एक दुपार पुरेल.