विकीतील पृष्ठनामे आणि सामान्यरूप
वॉर्ड कनिंगहॅम यांच्या १९९५ च्या मूळ विकीत दुवा ओळखला जाई तो जोडशब्दांतील थोरल्या आद्याक्षरांवरून. देवनागरीत थोरली-धाकटी अक्षरेच नसल्याने ती रीत मराठीस निरुपयोगी होती. २००३ मध्ये आरंभलेल्या मराठी विकिपीडियास दुहेरी चौकोनी कंस लाभले. कंसात नाव घातले की दुवा सिद्ध होतो.

अडचण उरली ती विभक्तीची. 'भुसावळ' हे त्या दृष्टीने सुदैवी नाव: ते कंसात ठेवून 'ला' बाहेर लिहिला की काम भागते. 'धुळ्याला' लिहिताना मात्र कंसात 'धुळ्या' उरते, आणि नसलेल्या गावाच्या पृष्ठाची लाल अक्षरांत मागणी होते. प्रत्येक सामान्यरूपास पुनर्निर्देशन द्यावे, हा उपाय सोपा असला तरी अग्राह्य होय. त्याने नामसूची व्याकरणाच्या रूपावलीसारखी फुगेल. कंसात आधी 'धुळे', मग उभी रेघ, मग 'धुळ्याला', हीच रीत युक्त. तीत लेखकास श्रम पडतात, ते पडोत.