मुक्त झालेला ग्रंथ आणि त्याची राखण

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात वाशीम जिल्ह्यातील अनेक विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. एक उपासक वाचतो. बाकीचे आपापल्या प्रती उघडून ऐकतात. अशा एका वाचनास प्रस्तुत लेखक बसला असता एका उपासिकेने वाचणाऱ्यास मध्येच थांबविले. तिच्या प्रतीत त्या ठिकाणी आणखी एक वाक्य होते. तिसरी प्रत पाहिली, तर तिच्यात ते वाक्य होते, परंतु त्याचा क्रमांक निराळा होता. तिन्ही प्रती निरनिराळ्या वर्षी पुस्तकांच्या दुकानांतून घेतलेल्या. दोहोंवर अनुवादकाचे नावही नव्हते. कोणता पाठ खरा, हे कोणालाच सांगता येईना. शेवटी वाचन तसेच पुढे चालू झाले.

प्रसंग लहान आहे; पण त्यामागील प्रश्न लहान नाही. बाबासाहेबांच्या ग्रंथांवरील स्वामित्वहक्क, ज्याला आपण व्यवहारात कॉपीराइट म्हणतो, तो मोठ्या प्रमाणात संपुष्टात आला आहे. भारताच्या 1957 च्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर 50 वर्षे हा हक्क राहत असे. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्यावरील हक्काची मुदत संपत आली, तेव्हा 1992 च्या दुरुस्तीने ती 60 वर्षे करण्यात आली. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण 6 डिसेंबर 1956 रोजी झाले. म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ 1 जानेवारी 2017 पासून सर्वांचे झाले. मूळ इंग्रजी ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ 1957 मध्ये, म्हणजे मरणोत्तर, प्रसिद्ध झाला. अशा ग्रंथाची मुदत प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून मोजतात. तो 1 जानेवारी 2018 पासून मुक्त झाला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बाबासाहेबांचे सारेच लेखन मुक्त झाले, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ हे लेखन शासनाच्या चौथ्या खंडात 1987 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. त्यावरील हक्क 2047 च्या अखेरपर्यंत टिकतो. अनुवादाचा हक्क तर मूळ ग्रंथाहून स्वतंत्र असतो. भदन्त आनंद कौसल्यायन यांचे निधन 1988 मध्ये झाले. त्यांचा हिंदी अनुवाद सामान्य नियमाने 2048 च्या अखेरीस मुक्त होईल. मूळ ग्रंथ मुक्त झाला, म्हणून कोणाचाही अनुवाद नाव गाळून छापावा, असा अर्थ कायद्यातून निघत नाही.

विहारातील त्या प्रसंगानंतर एक जाणते गृहस्थ म्हणाले, “हक्क होता तोच बरा होता, निदान कोणी विचारणारा होता.” हे मत आज अनेक ठिकाणी ऐकू येते, म्हणून त्याची परीक्षा केली पाहिजे. हक्क जिवंत होता, तेव्हा त्याने संहितेचे रक्षण खरोखर केले काय?

इतिहास याचे उत्तर होकारार्थी देत नाही. ‘द बुद्धा अँड हिज धम्म’साठी बाबासाहेबांनी 1956 मध्ये लिहिलेली प्रस्तावना 1957 च्या आवृत्तीत छापलीच गेली नाही. भगवान दास यांनी 1980 मध्ये ती प्रसिद्ध केली, तेव्हा ती वाचकांपुढे आली. बाबासाहेबांची हस्तलिखिते वर्षानुवर्षे न्यायालयीन ताब्यातील पेट्यांत पडून होती. नागपूरचे एक अधिवक्ता जे. बी. बनसोड यांनी, एक तर शासनाने हे साहित्य प्रसिद्ध करावे, नाही तर आपणांस परवानगी द्यावी, अशी मागणी घेऊन उच्च न्यायालयात धाव घेतली होती. 1976 मध्ये शासनाची प्रकाशन समिती स्थापन झाली आणि 1979 मध्ये पहिला खंड निघाला, तोवर 20 वर्षांहून अधिक काळ लोटला होता. पुढे चौथ्या खंडातील राम आणि कृष्ण यांविषयीचे परिशिष्ट वगळावे, अशी मागणी उठली. 1988 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या रस्त्यांवर उतरलेल्या विराट जनसमुदायामुळे ते परिशिष्ट वाचले. ‘शासन या मतांशी सहमत नाही’ अशा आशयाची टीप मात्र त्यास जोडली गेली. त्या पानांचे रक्षण हक्काच्या कागदाने केले नाही, माणसांनी केले.

वसंत मून यांनी संपादिलेल्या खंडांचे ऋण कोणीही नाकारणार नाही. हे खंड नसते, तर बाबासाहेबांचे निम्मे लेखन आपणांस ठाऊकही नसते. अकराव्या खंडाला 1995 मध्ये पाली व अन्य मूलस्रोतांची पुरवणी जोडली गेली, हे तर अभ्यासाचे मोठे कार्य होय. परंतु हे खंड वाचकांच्या हाती पोहोचले काय? 2017 मध्ये 9 लाख प्रती छापण्याचा निर्णय होऊन, कागद खरेदी होऊनही, चार वर्षांत केवळ 33 हजार प्रती छापल्या गेल्या, अशा वृत्ताची मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्वतःहून दखल घेतली. शासकीय खंड मिळत नाही, म्हणून खेड्यातील उपासक दुकानातील स्वस्त प्रत घेतो. ती सदोष असते, हे खरे. पण तिच्यामुळेच ग्रंथ त्याच्या घरी आला, हेही तितकेच खरे. तेव्हा दोष मुक्ततेचा नाही. ग्रंथ मुक्त झाला. पण त्याची राखण कोणी करावी, हे मात्र आपण ठरविले नाही.

या बाबतीत कायद्याची एक बाजू आपल्याकडे दुर्लक्षित राहिली आहे. कलम 57 प्रमाणे लेखकाला दोन विशेष हक्क असतात: कृतीवर आपले नाव असण्याचा, आणि आपल्या प्रतिष्ठेस बाध येईल अशी मोडतोड रोखण्याचा. 2012 च्या दुरुस्तीनंतर स्वामित्वहक्काची मुदत संपल्यावरही लेखकाच्या कायदेशीर प्रतिनिधींना हे हक्क बजावता येतात. बाबासाहेबांनी स्वतः हे तत्त्व फार पूर्वी आचरणात आणले होते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने 1936 मध्ये त्यांच्या नियोजित भाषणातील काही भाग गाळण्याची इच्छा व्यक्त केली. त्यांनी व्यासपीठ सोडले, मजकूर सोडला नाही. ते भाषण स्वखर्चाने छापले आणि 1500 प्रती दोन महिन्यांत संपल्या. परंतु आज कलम 57 वर सर्वस्वी विसंबून चालणार नाही. काही मोजक्या प्रतिनिधींनी प्रत्येक मुद्रकावर लक्ष ठेवावे, ही अपेक्षा अव्यवहार्य आहे.

धम्माच्या परंपरेपुढे हा प्रश्न पूर्वीच आला होता. बुद्धवचनावर कोणाचीही मालकी नव्हती, आणि तरीही ते कसेही बदलण्याची मुभा कोणास नव्हती. महापरिनिब्बान सुत्तात चार महापदेश सांगितले आहेत. हे बुद्धवचन आहे, असे कोणी म्हटले, तर त्याचा अभिनंदनाने स्वीकार करू नये, तिरस्काराने त्यागही करू नये. ते सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहावे, जुळले तर घ्यावे, न जुळले तर सोडावे. संगीतीचा हेतूही हाच होता. सर्वांनी मिळून पाठ म्हणायचा, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याच्या कानावर येते. त्या उपासिकेने वाचणाऱ्यास थांबविले, तेव्हा नकळत संगीतीच घडली. उणीव होती ती ताडून पाहण्यासाठी लागणाऱ्या प्रमाण प्रतीची.

वाशीमकरांना यासाठी दूर जावयास नको. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे 16 क्रमांकाचे लेणे संघाला अर्पण केले. तेथील शिलालेखात दात्याचे नाव आहे. लेणे मात्र संघाचे आहे. नाव राखावे आणि ताबा सोडावा, हीच धम्मदानाची रीत होय.

हीच कसोटी आपल्या कवींनाही लावली पाहिजे. वामनदादा कर्डक 2004 मध्ये निवर्तले. त्यांच्या गीतांवरील हक्क 2064 च्या अखेरपर्यंत आहे. 2012 च्या दुरुस्तीने गीतकारांचा मानधनातील वाटाही सुरक्षित केला. तरीही कितीतरी ध्वनिफितींवर गायकाचे नाव ठळक आणि गीतकाराचे नाव नाही, असे आढळते. न दिलेले घेणे हे अदिन्नादान होय, आणि दुसरे शील त्यापासून विरत होण्याचे आहे. ग्रंथ मुक्त असावा म्हणणाऱ्यांनी गरीब शाहिराचे नाव आणि वाटा बुडवावा, यात धम्म नाही. दुसऱ्या बाजूस, शिक्षणासाठी केलेली प्रत म्हणजे चोरी नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्ये अध्यापनासाठीच्या अशा प्रतींना कायद्यात जागा आहे, असे मान्य केले.

आता तर संगणकही ग्रंथ वाचून मजकूर रचू लागला आहे. त्याच्या या वाचनास परवानगी लागते काय, हा वाद एका वृत्तसंस्थेने 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात नेला. निकाल काहीही लागो. बाबासाहेबांच्या नावावर त्यांनी न उच्चारलेली वाक्ये फिरविणे आता अधिक सोपे झाले आहे. अशा वेळी महापदेशांचा उपयोग न्यायालयाच्या निकालापेक्षा अधिक होईल.

म्हणून काही सूचना. प्रत्येक विहाराने शासकीय अकराव्या खंडाची एक प्रत मिळवून ती प्रमाण म्हणून ठेवावी. मराठी वाचनासाठी अनुवादकांची नावे आणि वर्ष छापलेली जुनी प्रत जपावी. वर्षावासात वाचन करताना पाठभेद आढळला, तर तो वहीत क्रमांकासह नोंदवावा. ग्रंथातील वाक्ये क्रमांकित आहेत; म्हणून गळलेले वाक्य शोधणे अवघड नाही. आश्विन पौर्णिमेला या वह्या एकत्र आणून शुद्धिपत्र तयार करावे आणि ते छापणाऱ्यांकडे सौजन्याने पाठवावे. ज्या प्रतीवर अनुवादक, आवृत्ती आणि वर्ष नाही, ती विकत घेऊ नये.

ग्रंथ सर्वांचा झाला, याचा अर्थ त्याची जबाबदारीही सर्वांची झाली. त्या दिवशी वाचन थांबविणाऱ्या उपासिकेला उत्तर मिळाले नाही. पुढील वर्षावासात ते तिला मिळाले पाहिजे.