माकडात पास, माणसात नापास

‘एचआयव्हीची लस माकडांवर यशस्वी’ अशी बातमी वाचलीत, तर आधी विचारा: कुठल्या विषाणूविरुद्ध?

एचआयव्ही ऱ्हीसस माकडात नीट वाढतच नाही. म्हणून संशोधकांनी संकर केला: गाभा माकडांच्या एसआयव्हीचा, आवरण एचआयव्हीचं. तोही आधी अशक्तच होता. मग तो एका माकडातून दुसऱ्यात, असा फिरवत नेला. प्रत्येक फेरीत माकडाला मानवणारे बदल टिकले आणि ८९.६पी तयार झाला. काही आठवड्यांत सीडी४ पेशींचा फडशा पाडणारा! पण त्याची भिस्त सीएक्ससीआर४ या दारावर. माणसांत पसरणारा एचआयव्ही बहुतेक वेळा सीसीआर५ मधून शिरतो.

मर्कच्या एडी५ लसीने २००२ मध्ये ८९.६पी माकडांत छान आटोक्यात ठेवला. पुढे अस्सल एसआयव्हीसमोर तसलीच लस तोकडी पडली. हा इशारा होता, पण वजन मिळालं सोप्या परीक्षेतल्या मार्कांना. माणसांवरची स्टेप चाचणी सप्टेंबर २००७ मध्ये थांबवावी लागली. संसर्ग टळला नाही, झालेल्यांच्या रक्तातला विषाणूही घटला नाही.

म्हणून संकर टाकून द्यायचे का? नाही. २०१६ मध्ये आवरणातलं ३७५ क्रमांकाचं एकच अमिनो आम्ल बदलून, माणसात नुकत्याच शिरलेल्या विषाणूंची आवरणं माकडात चालवता आली, तीही फेऱ्यांशिवाय. तरी प्रत्येक माकडात तो पुन्हा बदलणारच. तेव्हा निकालासोबत विषाणूचा इतिहासही मागा.