बर्फ आधीं कीं पर्वत आधीं?

लुई आगासी या स्विस पंडिताचा 'हिमनद्यांचें अध्ययन' हा फ्रेंच ग्रंथ १८४० सालीं प्रसिद्ध झाला. हिमयुगाची कल्पना विद्वानांच्या गळीं उतरविणारा ग्रंथ म्हणून त्याचा लौकिक आहे, व तो यथार्थहि आहे. परंतु लौकिक थोर म्हणून परीक्षकानें डोळे मिटावे असें नाहीं. या ग्रंथांतील एका मुख्य प्रतिपादनाशीं आमचा मतभेद आहे, तो येथें नमूद करणें आम्हांस अवश्य वाटतें.

जुरा पर्वताच्या चुनखडीवर आल्प्समधील ग्रॅनाइटचे अवाढव्य धोंडे पडलेले आहेत. ते तेथें आले कसे? झिजून गुळगुळीत झालेले खडक, त्यांवरील समांतर ओरखडे, हिमनद्यांनीं रचलेले दगडमातीचे बांध, यांचीं आगासीनें केलेलीं वर्णनें इतकीं रेखीव आहेत कीं, वाचक त्याच्याबरोबर बर्फावरून चालूं लागतो. पण कारण सांगण्याची वेळ येतांच लेखणी भरकटते. आधीं सारा प्रदेश बर्फाखालीं गेला, मागाहून आल्प्स तें कवच फोडून वर आले, व धोंडे उतरत्या बर्फावरून घसरत जुरापर्यंत पोंचले, असें तो म्हणतो. वस्तुतः आल्प्स त्या बर्फाहून पुष्कळ जुने आहेत.

आगासीला ज्यानें हिमनद्यांची वाट दाखविली, त्या शार्पांत्येची आरंभींची कल्पना अशी होती कीं, आल्प्स पूर्वीं अधिक उंच होते म्हणून तेथें बर्फ वाढलें. हेंहि उत्तर टिकलें नाहीं. पण त्यामागील प्रश्न खरा होता. भूमीचें रूप बर्फाचें भवितव्य ठरवितें काय?

या प्रश्नाचें उत्तर अंटार्क्टिकानें दिलें आहे. १९५८ सालीं सोव्हिएत शोधकांना तेथील बर्फाच्या जाड थराखालीं पुरलेला गांबुर्त्सेव्ह पर्वत सांपडला. सुमारें ३ कोटि ४० लक्ष वर्षांपूर्वीं हवा थंडावली, तेव्हां अशा उंचवट्यांवर प्रथम हिमनद्या जमल्या व पुढें त्या एकजीव झाल्या, असें मानतात. पश्चिम अंटार्क्टिकाचा पुष्कळ भाग आज समुद्रसपाटीखालीं आहे. त्या काळीं तो बराच उंच असावा, असें भूशास्त्रज्ञांचें अनुमान आहे. भूमि हळूहळू खचत गेली, आणि तिच्यावर वाढलेल्या बर्फानेंहि तिला कोरून खालीं नेलें. आज त्या खोल तळावर बसलेल्या बर्फास उबदार समुद्रपाणी कडेनें, खालून पोखरीत आहे. भूमि बर्फाला घडविते आणि बर्फ भूमीला. हा व्यवहार दुतर्फी आहे.

बर्फाखालीं पाहण्याचीं साधनें आगासीपाशीं नव्हतीं, म्हणून त्यास दोष देणें अन्यायाचें होईल. पण मित्राच्या प्रश्नापाशीं तो पुरेसा थांबला नाहीं, हा दोष त्याचाच. शार्पांत्येचा ग्रंथ १८४१ सालीं, म्हणजे एक वर्ष उशिरां निघाला, आणि कीर्तीचा मोठा वांटा आगासीकडे गेला. वाचकांनीं आगासीचा ग्रंथ अवश्य वाचावा, त्यांतील निरीक्षणांचा आदर करावा. मात्र त्याच्या शेजारीं शार्पांत्येचाहि ठेवावा, इतकीच आमची विनंति आहे.